‘हे छळात मोडतं का?’ या प्रश्नात निघून जाणारे तीन महिने

मा. संपादक,

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या, पुण्यातल्या कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर काम करताना आम्ही पाहतो, की हे तीन महिने ‘हे छळात मोडतं का?’ हे ठरवण्यातच जातात. छळ झालेली बाई आधी स्वतःला विचारते, मग मैत्रिणीला. घरी सांगावे की नाही यात आठवडे निघून जातात आणि ‘एवढं काय त्यात, सोडून दे’ असा सल्ला मिळतो. म्हणून हा प्रश्न नीट उलगडायला हवा.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात पाच गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: अंगाला हात लावणे वा लगट करणे, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रे किंवा व्हिडिओ दाखवणे, आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कुठलेही नकोसे वागणे; मग ते शब्दांनी असो, स्पर्शाने असो की नजरेने, खाणाखुणांनी. गोंधळ होतो तो या पाचव्यात. स्पर्श झाला तरच छळ, हा समज सर्वोच्च न्यायालयाने ॲपॅरल एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या खटल्यात 1999 मध्येच खोडून काढला, पण चाकणच्या कारखान्यापासून खराडीच्या काचेच्या इमारतीपर्यंत तो अजून टिकून आहे.

सगळी भिस्त ‘नकोसे’ या शब्दावर आहे. ‘साडी छान आहे’ असे चारचौघांत एकदा म्हणणे आणि रोज केबिनमध्ये बोलावून कपड्यांवरून अंगापर्यंत पोचणे, यांतला फरक बाईला चटकन कळतो. तो शब्दांत मांडणे मात्र जड जाते. मांडताना चार गोष्टी पाहाव्यात: किती वेळा घडले, एकांतात की सगळ्यांसमोर, बोलणे कामाचे होते की शरीराचे, आणि तिने टाळायला सुरुवात केल्यावर ते थांबले की वाढले. टाळणे म्हणजे ओरडून ‘नाही’ म्हणणेच नव्हे. मेसेजला उत्तर न देणे, जागा बदलून बसणे, रात्रीच्या कॅबमध्ये पुढची सीट मागणे हाही नकारच असतो. साहेबाच्या मेसेजला तिने हसरी इमोजी पाठवली म्हणून संमती होती, असा निष्कर्ष काढणाऱ्या समितीने अप्रेझल, म्हणजे तिच्या कामाचे मूल्यमापन, कोणाच्या हातात होते हे आधी पाहावे. पूर्वी मैत्री किंवा प्रेमसंबंध होते, यानेही आजच्या नकाराची किंमत कमी होत नाही. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे उत्तर शिक्षा ठरवताना विचारात घ्यावे, पण छळ झाला की नाही हे त्यावर ठरत नाही.

उलट बाजूही स्पष्ट सांगायला हवी. टार्गेटसाठी तगादा, रजा नाकारणे, सगळ्यांना सारखेच ओरडणे हा जाच असेल, पण लैंगिक छळ नाही. त्याची दाद वेगळीकडे मागावी. मात्र नकार दिल्यानंतरच शिफ्ट बदलली, चांगले काम काढून घेतले, शेरा घसरला, तर ते याच कायद्याखाली येते. नकाराच्या आधीचे आणि नंतरचे शिफ्टचे तक्ते व अप्रेझलचे कागद शेजारी ठेवले की खूप काही दिसते.

कार्यालयाच्या चार भिंतींपुरता हा कायदा नाही. कंपनीची बस वा कॅब, बाहेरगावचे ट्रेनिंग, कामानिमित्त गेलेली साइट, सगळे कामाचे ठिकाणच. ठेकेदाराकडच्या कामगार, अप्रेंटिस, सीएच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या मुली, बिनपगारी इंटर्न याही ‘कर्मचारी’च.

पहिल्या दिवसापासून टिपण ठेवावे: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होते. शब्द घाणेरडे असले तरी जसेच्या तसे लिहावेत. ‘अश्लील बोलला’ एवढ्यावर समितीला काही ठरवता येत नाही. मूळ मेसेज पुसू नयेत, आणि स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ व नंबर दिसला पाहिजे. सीसीटीव्हीचे चित्रण अनेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते, तेव्हा ते जपून ठेवण्याची मागणी तक्रारीसोबतच लेखी करावी. नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. लिहिणे जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणे ही समितीची जबाबदारी आहे. घटना वारंवार घडल्या असतील तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, त्यामुळे जुन्या घटनाही लिहाव्यात. उशिराचे कारण पटले तर समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते.

पोलिसांचा मार्ग वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली हा गुन्हा आहे, समितीची तीन महिन्यांची मुदत तिथे लागू नाही, आणि दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार करता येते.

आता समित्यांविषयी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर प्रत्येक शाखेत समिती हवी. मुख्यालय मुंबईत आहे म्हणून पुण्याची शाखा सुटत नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे, आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची.

चुका होतात त्या याच्याही आधी. एचआरमधले कोणीतरी दोघांना चहाला बसवून ‘मिटवून टाका’ म्हणते. समेट फक्त तिने मागितला तरच करता येतो, आणि त्यात पैशांचा व्यवहार चालत नाही. दुसरी चूक म्हणजे ‘तुझ्याच सुरक्षिततेसाठी’ म्हणत तिची बदली करणे. चौकशी चालू असताना बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये अशी व्यवस्था तिच्या लेखी विनंतीवरून करता येते. बदली त्याचीही होऊ शकते, हे मात्र क्वचितच कोणाला आठवते. तिसरी चूक, पुरावा अपुरा पडला की तक्रार खोटी ठरवणे. नुसते सिद्ध करता आले नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असे कायदाच सांगतो.

कायदा येण्याआधी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून देणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाची (1997) अंमलबजावणी होत नाही म्हणून पुण्याच्याच डॉ. मेधा कोटवाल-लेले यांनी त्याच न्यायालयात दाद मागितली होती. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा, असे 2012च्या त्या निकालात स्पष्ट झाले. तरीही अहवाल आल्यावर ‘नव्याने चौकशी करू’ म्हणणारे व्यवस्थापन भेटते. शिफारशींवर 60 दिवसांत कारवाई करणे त्यांना बंधनकारक आहे.

सर्वांत अंधार आहे तो लहान जागांमध्ये. लक्ष्मी रस्त्यावरचे दुकान, दवाखाना, क्लास, जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. घरकाम करणाऱ्या मावशींसाठीही तीच आहे, आणि त्यांच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे असते. पण त्यांना हे सांगणार कोण? शहरातल्या गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे: ‘गुरुवारी पाणी बंद’ची सूचना जिथे लागते, त्याच फलकावर स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या मराठी अक्षरांत लावावा. तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवता येतो. आणि फलक लिफ्टजवळच्या भिंतीवर असेल, तर मावशी ज्या जिन्याने ये-जा करतात तिथेही एक प्रत लावावी.

– अंतर्गत समित्यांच्या काही बाह्य सदस्य, पुणे