पाऊस तुझ्या हातात नाही, बाळा

सोलापूर, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल "डाळिंबाची बाग गेली, आता बोलून काय उपयोग" म्हणून तू फोन ठेवलास, त्याचा राग नाही. पण तेव्हा पावणेदोन वाजले होते. एवढ्या रात्री तू जागा का होतास?

पावसाळ्याच्या तोंडावरचा मृग बहार धरला की या दिवसांत तेल्याची, म्हणजे फळावर डाग पाडणाऱ्या त्या जिवाणूच्या रोगाची, धास्ती राहणारच. दमट हवा, भिजलेली पानं, आणि पावसाच्या थेंबाबरोबर जिवाणू या फळावरून त्या फळावर उडतात. डाग पडून चिरलेलं फळ कुठल्याच औषधानं सांधत नाही, दुकानदार काहीही सांगो. त्या फळांचा हिशेब आजच सोड. तोडून, गोणीत भरून बागेबाहेर जाळ. बांधावर टाकलीस तर तिथूनच रोग परत आत येईल.

आता राहिलेली फळं बघ. डागी फांदी डागाच्या २ इंच खालून काप आणि दर झाडाला कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडव. झाडं ओली असताना आत शिरू नको, हाताला-कपड्यांना लागून रोग पसरतो. झाडावर फळं आहेत, म्हणून फवारणीला बोर्डो मिश्रण अर्धा टक्काच घे: १०० लिटरला मोरचूद अर्धा किलो, कळीचा चुना अर्धा किलो. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात ५०-५० लिटर पाण्यात कर, मग तिसऱ्या पिंपात एकदम ओत. त्यात लोखंडी सळई बुडवून बघ. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. चुन्याची निवळी वाढव, नाहीतर पानं करपतील. त्याच दिवशी संपव, दुसरं औषध त्यात मिसळू नको.

हे सगळं तुला पाठ आहे. तरी मी शिकवत बसलो, माफ कर. लिहायचं होतं झोपेबद्दल.

सूनबाई सांगत होती, तू रात्रभर मोबाइलवर ढग बघतोस. ढग बघून पाऊस थांबत नाही रे. अंदाज दोनदाच बघ, सकाळी ६ ला आणि संध्याकाळी ५ ला, कारण फवारणी कधी घ्यायची तेवढंच त्यावरून ठरतं. फोन पडवीत ठेव. निजण्याआधी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढ. डावीकडे कात्री, चर मोकळे करणं, ठिबक बंद ठेवणं, फवारणी, नुकसानीचे फोटो. उजवीकडे पाऊस, मार्केट यार्डातला भाव, शेजारच्यानं न छाटलेली बाग. डावीकडचं उद्या किती वाजता करणार ते लिही. उजवीकडच्यापुढे वेळ लिहू नको. तरी झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळू नको, उठून बस, श्वास सावकाश सोड, घेतलास त्यापेक्षा जास्त वेळ. जेवण चुकवू नको. कर्जाचं मी आणि अण्णा बघतो, ते कुठल्याच बाजूला लिहू नको.

लहानपणी सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला आलो की सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या पुढे गेल्याशिवाय तू जागचा हलायचा नाहीस. वारा सुटला की माझा हात गच्च धरायचास, "पडंल का हो?" विचारायचास. तो जीव अजून तुझ्यात तसाच आहे. एवढ्या मोठ्या बागेचा भार एकट्यानं उचललास, पाहुण्यांत सांगताना माझी छाती भरून येते. पण सूनबाईचा फोन वाजला की हात थरथरतो. तिला खोटं सांगायला लावू नको. झोपलास का, एवढंच खरं सांग.

पुढच्या वर्षी हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा, धरायचा का, ते केगावच्या डाळिंब केंद्रात विचारून ठरवू. त्या बहारात पुढे हवा कोरडी असते, तेल्या कमी येतो. परतीचा पाऊस लांबला तर फुलं येण्याआधी झाडाला पाण्याचा ताण नीट बसत नाही, हेही खरं. आत्ता त्याचा विचार नको.

बारकीजवळ शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या दिल्यात, मंगळवारच्या एसटीनं येईल ती. नवी कात्रीही आहे. जुनीची स्प्रिंग सैल झालीय, तिनं फांदी चेंगरते आणि जखम मोठी होते. ती वापरू नको.

तुझे,
बाबा