म्हापशाहून घरी

म्हापसा, गोवा
रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. फोनवर पाठीचं बोलून गेले आणि आई रात्रभर जागी होती असं धाकट्यानं सांगितलं, म्हणून हे आधी लिहिते. डॉक्टरांना दाखवलंय. बसून बसून आखडलीय, एवढंच. त्यांनीच योग सुचवला आणि मंगळवारी मी वर्गाला गेले.

नवशिक्यांचाच वर्ग आहे, सगळ्या बायका, घरापासून पाच मिनिटांवर. बाबा, गोवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते माझ्या वाटेत कुठेच नाही.

चटई मात्र मिळाली नाही. इथे दुपारी गाव झोपतं. जेवणाच्या सुट्टीत बाजारात गेले, तर ओळीनं सगळी शटरं खाली. मला वाटलं, बंद पुकारलाय. आपल्याकडे दुकानदार गल्ल्यावरच डुलकी काढतो आणि गिऱ्हाईक दिसलं की उठतो. इथे एक वाजला की कुलूप, ते साडेतीन-चारशिवाय निघत नाही. त्या वेळात कुणाकडे जायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. घरमालकीण काकी म्हणाल्या, पोर्तुगीज १९६१ साली गेले, ही सवय राहिली. आळशी नाहीत हो माणसं. पहाटे उठतात, दुकानं रात्रीपर्यंत चालवतात. पण दुपार त्यांची स्वतःची.

मग आईनं दिलेली सोलापुरी चादरच अंथरली. ताडासन, वज्रासन, भुजंगासन. पर्वतासनात टाचा टेकेनात, मनगटं भरून आली. बाई कोकणीत म्हणाल्या, “सवकास, सवकास.” गुडघे वाकवले तरी चालतात, ओढाताण करायची नाही. शेवटी शवासनात पडले होते, बाहेरून पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजत गेला, आणि मला आपलं अंगण आठवलं. आजोबा पहाटे सूर्यनमस्कार घालताना मोठ्यानं आकडे मोजायचे, मला हाका मारायचे, आणि मी गोधडी डोक्यावरून घ्यायची. औंधच्या शाळेत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या राजेसाहेबांच्या काळात नमस्कार घातलेला माणूस घरात होता, आणि मी सत्ताविसाव्या वर्षी परमुलखात फी भरून शिकतेय. डोळे मिटलेले होते ते बरं झालं.

फी महिन्याला ८०० रुपये आहे. या महिन्यात पंधराऐवजी बारा हजार पाठवलेत, ते फीमुळे नाही. गाडीचं इंजिन निघालं. धाकट्याच्या फीची तारीख चुकवू नका, उरलेले तीन दहा तारखेपर्यंत टाकते. नक्की टाकते.

फलटणच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो. मी नाही म्हणत नाहीये, आई. दिवाळीला चार दिवस येते, तेव्हा समोरासमोर बोलू. गणपतीला येता येणार नाही, ऑडिटची तारीख आहे. नैवेद्याचं सगळं तुझ्या एकटीवर पडणार, ते माहीत आहे मला. ताईला दोन दिवस आधी बोलावून घे.

आजोबांना साष्टांग नमस्कार.

तुमची,
बेबी

ता. क. आजोबांना विचारून कळवा : ते एका नमस्काराचे दहा अंक मोजायचे ना? इथे बारा मोजतात. आणि साष्टांगात पोट जमिनीला टेकवायचं नाही, असं बाई सांगतात. ते काय म्हणतात, तसंच लिहा.