चिनू, रिपोर्टबद्दल परत एकदा

प्रिय चिनू, अनेक आशीर्वाद.

शुगरचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय, त्यामुळे आधी बाकीचं. तुझ्या गाडीचं पीयूसी संपलंय. सुमाआत्याचा फोन होता, निखिलचं ठरलं म्हणे, तुला करेलच ती. आणि वाकडच्या फ्लॅटचं डिपॉझिट तू माझ्याकडून एक पैसा न घेता भरलंस ते मला फार आवडलं, तोंडावर बोललो नाही पण सोसायटीत तिघा-चौघांना सांगून झालंय.

आता रविवारचं. तू ताटावरून उठलास आणि म्हणालास बाबा तुम्हाला शुगरशिवाय दुसरा विषयच नाही का. नाहीये रे. रिपोर्टमध्ये तुझं एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा, ६.२ वाचल्यापासून खरंच नाहीये. ६.५ पासून पुढे डायबेटिस, माझं तर बॉर्डरलाइन आहे म्हणालास, बरोबर आहे, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस हे मलाही पाठ आहे आणि त्यातल्या सगळ्यांनाच पुढे डायबेटिस होतो असंही नाही. पण तू एकोणतीसचा आहेस. माझी निघाली तेव्हा मी चव्वेचाळीसचा होतो, आप्पांची साठी झाल्यावर. दर पिढीला पंधरा वर्षं अलीकडे सरकतंय हे, मग तुझ्या पोरांचं काय? बघ, लग्नाचा पत्ता नाही आणि मी नातवंडांच्या शुगरवर पोचलो. आई म्हणते ते काही खोटं नाही.

तुझं ते 'मी बारीक आहे, मला कसली शुगर' मात्र डोक्यातून काढून टाक. यावर खूप काम आपल्याच पुण्यात झालंय. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबी, आणि स्नायू कमी. आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच ओढून घेतात, तेच कमी असले तर ती जाणार कुठे? पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून त्यांनी बायकांची, बाळांची मोजमापं घेतली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण वजन कमी असलं तरी चरबी त्या मानाने राखलेली. तू दोन किलो चारशे होतास. नर्सने तुला माझ्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं दुपट्यात कोणी नाहीच आहे.

म्हणून सांगतो, बत्तीसची पॅन्ट होते यावर जाऊ नकोस, ती तू पोटाखाली घालतोस. टेप घे, बेंबीच्या लेव्हलला धर, श्वास सोडून मोज. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या आत हवं. कोणाला सांगू नकोस किती आलं, मलाही नको. बरं, मला सांग.

परत लेक्चर सुरू झालं, सॉरी. पण मला आप्पा दिसतात रे. तू तेव्हा बालवाडीत होतास, तुला फक्त त्यांची काठी आठवत असेल. दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालायचे आणि एसटीने परत यायचे. त्या वर्षी आले, उंबऱ्यात बसले, डावी चप्पल काढली, उजवी निघेना. मी ओढायला गेलो तर तळव्यातून खिळा वर आलेला, अंगठ्याच्या खाली मांसात शिरलेला, चप्पल आणि पाय एक झालेले. पकड आणून काढला. आणि आप्पा माझ्याकडे बघून म्हणतात अरे एवढा का घाबरलास. त्यांना कळलंच नव्हतं! घाटात कधीतरी शिरला असणार आणि ते अभंग म्हणत त्यावरच चालत राहिले. शुगरने नसा गेलेल्या, दुखायची सोयच उरली नव्हती. जखम भरेना, शेवटी अंगठा काढला. पुढचं तू पाहिलंसच.

तुझं तिथपर्यंत जाईल असं म्हणत नाही. ६.२ वर काही पाय जात नाही, एवढं मलाही कळतं.

आणि कदाचित तुझं काहीच नसेल. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर म्हणजे एचबीएवनसी, म्हणून त्यात दोन-तीन महिन्यांचा हिशोब येतो. पण रक्तात लोह कमी असेल तर हाच आकडा उगाच वर दिसू शकतो. कॉलेजात फिरोदिया करंडकाच्या नाटकाच्या तालमी केल्यास तेव्हापासून तू जो वडापाव आणि चहावर जगतोयस त्यात लोह कुठून येणार. म्हणून आपल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजवाली टेस्ट लिहून दिली. गोळी नाही दिली, टेस्ट दिली. ती झाली का? करतो म्हणालास, झाली का? नॉर्मल आली तर मी स्वतः पेढे वाटेन, एक खाईनही.

खाण्याबद्दल जास्त बोलत नाही. फक्त ते ऑफिसखालचं मोसंबी ज्यूस बंद कर, मोसंबी सोलून खा. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून शुगर वाढायची राहत नाही आणि भाकरीच्या नावाखाली तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारी तरी काय करणार, त्यापेक्षा एक कमी कर आणि उसळ वाढवून घे. जेवल्यावर लगेच लॅपटॉपवर बसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं चाल, जेवणानंतर चालल्याने शुगर कमी चढते. आप्पा शतपावली सांगायचे तेव्हा आपण हसायचो. कारल्याच्या रसाचे फॉरवर्ड मी पाठवले होते ते डिलीट कर.

एक गोष्ट आईला बोलू नकोस. मागच्या चेकअपला डॉक्टरांनी माझे डोळे मिटायला लावले आणि पायाला तो नायलॉनचा बारीक दोरा ठिकठिकाणी टेकवला, लागला की हो म्हणायचं. डाव्या पायाला मी दोनदा गप्प बसलो होतो, मला वाटलं अजून टेकवलाच नाही. नुसती शुगरच असेल असं नाही म्हणाले, मेटफॉर्मिन, ती माझी शुगरची गोळी, वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होतं, त्यात आपण शाकाहारी, त्यानेही पाय बधिर होतात, म्हणून बी१२ तपासायला सांगितलंय. रोज रात्री पंख्याखाली बसून तळवे बघतो, हाताने चाचपतो. आईला वाटतं टाचेला क्रीम लावतोय.

तर रविवारी दोघं जाऊ, माझी बी१२ आणि तुझी ती. शनिवारी रात्री दहानंतर काही खाऊ नकोस, पाणी चालेल. नाइट शिफ्ट संपवून तसाच येऊ नकोस, जागरणाने पण शुगर वर दिसते, झोपून ये, लॅब सातला उघडते पण आपण नऊला गेलो तरी चालेल. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास तिथेच बसायचंय, मधे चहा नाही आणि ते दुसरंही नाही, मला माहितीये तू ओढतोस. नंतर घरी जेवायला चल, आईने भरली वांगी करायचं ठरवलंय. येतोस की नाही ते यावेळी आईला नको, मला कळव.

बाबा