नांगर कोण धरतो?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जैनांच्या पर्युषण पर्वावरचा लेख हाती पडला तेव्हा मी उसाला पाणी पाजून नुकताच घरी आलो होतो. पाय अजून चिखलाने भरलेले. लेखकाने पाच व्रते ओळीने दिली आहेत आणि ती बरोबर आहेत, त्याबद्दल आभार. पण 'नांगराखाली जीव मरतात म्हणून जैन शेती करत नाहीत, व्यापारच करतात' हे वाक्य छापताना आपल्या कोल्हापूर आवृत्तीतल्या एकाही माणसाला ठेच लागू नये?

शिरोळ-हातकणंगल्याच्या कुठल्याही गावात बांधावर उभे राहून हाक मारा. निम्मे पाटील, मगदूम, चौगुले जे वळून बघतील, ते सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन मग रानात आलेले असतील. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला जैन घरातच जन्मले. १९१९ साली काढलेल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते 'रयत', 'पेढी' नव्हे. आमच्या पुराणांत पहिल्या तीर्थंकरांनी, ऋषभदेवांनी, लोकांना असि (शस्त्र), मषी (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प अशी सहा कामे शिकवली. लेखकाला त्यातले वाणिज्य तेवढे सापडले. ऋषभदेवांचे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, बैल आहे, हेही जाता जाता सांगतो.

हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून जीव घेणे ती संकल्पी. ती श्रावकाने, म्हणजे संसारी जैनाने, पूर्ण सोडायची. चूल पेटवताना, पोटासाठी राबताना, स्वतःला वाचवताना जी घडते ती संसारी माणसाला टळत नाही, म्हणून जपून वागायचे. मुनींचे पूर्ण पाळायचे महाव्रत वेगळे, आमचे मर्यादेत पाळायचे अणुव्रत वेगळे. एवढे तर आमच्या पाठशाळेतली पोरेसुद्धा सांगतात.

माझे आजोबा सात एकर करायचे. नांगर धरायचे, पण ऊस तुटून गेल्यावर पाचट, म्हणजे मागे राहिलेला वाळका पाला, कधी पेटवले नाही. "नांगराखाली जातं ते पोटासाठी. काडी वढायला तुला कोण सांगितलंय?" असे म्हणायचे. चारी बाजूंनी फडांचा धूर निघायचा आणि आमच्या रानात पाचट कुजत पडलेले. लोक हसायचे. खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, मागे पडायचा, तरी ऐकायचे नाहीत. शेजारची दीड एकर पट्टी स्वस्तात चालून आली, तीही घेतली नाही. परिग्रहाचे परिमाण, म्हणजे मालमत्तेवर मर्यादा घालायचे व्रत, घेतले होते, सात म्हणजे सात. त्यावरून वडील आणि ते वर्षभर धड बोलत नव्हते. (त्या पट्टीवर आज मंगल कार्यालय आहे. वडील अजून तिकडे बघत नाहीत.) मी स्वतः एका वर्षी मजूर मिळेनात म्हणून पाचट पेटवले, तेव्हा आईने दोन दिवस मला ताट वाढले नाही. आता कृषी खात्याचे लोक येऊन पाचट कुजवायचे प्रात्यक्षिक दाखवतात. आई दारात उभी राहून गंमत बघते.

माझ्या आजोबांसारख्या माणसाला तुमच्या लेखात जागा नाही. कांदा-लसणाला मात्र दोन परिच्छेद आहेत.

आणखी एक. 'पर्युषण आठ दिवसांचे, संवत्सरीला समाप्त' असे लिहिले आहे. ते श्वेतांबरांचे. आम्हा दिगंबरांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होते आणि अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस चालते. म्हणजे तुम्ही समाप्ती छापता तेव्हा आमच्या बस्तीत 'उत्तम क्षमा' सुरू होते. छायाचित्रात मुखपट्टी बांधलेल्या साध्वी आणि खाली ओळ 'दिगंबर साध्वी'! हातात दिगंबरांची मोरपिसांची पिच्छी नाही, एवढे तरी बघायचे. आणि हाच लेख शेवटी वाचकांना अनेकांतवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे, समजावून सांगतो.

दशलक्षणाचा पहिला दिवस क्षमेचा, म्हणून क्षमा केली आहे. दुरुस्ती मात्र हवी, आणि त्याच पुरवणीत, त्याच पानावर. मागे ऊसदराचा चुकलेला आकडा तुम्ही राशिभविष्याच्या खाली दुरुस्त केला होता, तो आमच्या गावात कुणाला दिसला नाही.

– एक ऊस उत्पादक वाचक, ता. शिरोळ