सुया टोचण्याआधी पालकांना हेही सांगा

मा. संपादक,

झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठी ॲक्युपंक्चर आणि चिनी औषधे यांची माहिती देणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. हा विषय छापलात हे चांगलेच केलेत. मी मुलांच्या ओपीडीत परिचारिका आहे. आठ-नऊ वर्षांचे पोर मान खाली घालून बसलेले आणि आई दबक्या आवाजात सांगतेय, हे आम्ही नेहमी पाहतो. पण लेखात जे राहिले, ते पालकांच्या फार कामाचे आहे.

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो, आणि दरवर्षी त्यांतल्या साधारण १५ टक्के मुलांचा तो काहीही न करता थांबतो. मग काही महिने सुया घेतल्या आणि अंथरूण कोरडे राहू लागले, तर गुण सुयांचा की वाढत्या वयाचा? उपचार न घेतलेली मुले तुलनेला असल्याशिवाय ते ठरवता येत नाही. 'आमचे मूल बरे झाले' या हकिकतींवरून तर मुळीच नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०११च्या आढाव्यातही ॲक्युपंक्चरच्या बाजूचा पुरावा छोट्या आणि कच्च्या अभ्यासांवर उभा असल्याचे आढळले.

ही पद्धत थोतांड आहे असे मी म्हणत नाही. घोट्याच्या वर आतल्या बाजूला जिथे सुई टोचतात, तिथून टिबियल मज्जातंतू जातो. मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या नसा मणक्यातून जिथून निघतात, तिथेच त्याचीही काही मुळे आहेत. अतिचंचल मूत्राशयासाठी, म्हणजे वारंवार आणि अचानक लघवीची घाई होण्यावर, आधुनिक वैद्यकही याच मज्जातंतूला सौम्य विद्युत उत्तेजना देते. तेव्हा उपयोग होणे अशक्य नाही, पण तो अजून नीट सिद्ध झालेला नाही, एवढे तरी छापायला हवे होते.

मला जास्त काळजी वाटते ती औषधांच्या पुड्यांची. या त्रासावर वापरल्या जाणाऱ्या चिनी वनस्पतींत माहुआंग, म्हणजे इफेड्रा, हीसुद्धा आहे. तिने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रा असलेल्या पूरक आहारावर बंदी घातली. घटक न लिहिलेली पुडी 'नैसर्गिक आहे' एवढ्या शब्दावर मुलाच्या पोटात जाऊ देऊ नये.

चांगला पुरावा असलेल्या उपायाचा, ओल लागताच वाजणाऱ्या अलार्मचा, लेखात उल्लेखही नाही. तो वापरणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना गुण येतो. मात्र दोन-तीन महिने आईवडिलांनाही रात्री उठावे लागते. डेस्मोप्रेसिनची, म्हणजे रात्री लघवी कमी तयार होऊ देणारी, गोळी बहुधा घेत असेपर्यंतच काम करते, आणि ती घेतल्यावर रात्रभर पाणी जवळजवळ बंद ठेवावे लागते, नाहीतर रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घसरू शकते. शिवाय मुलाला बद्धकोष्ठ आहे का, हे आधी पाहावे. तुंबलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, आणि पोट साफ होऊ लागताच काही मुलांचा त्रास निम्मा होतो.

आणि कृपया मुलाला रागावू नका. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या पुढे जाते. मूल हे मुद्दाम करत नाही.

सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी मागत असेल, वजन उतरत असेल, तर तो मधुमेह असू शकतो. अशा मुलाला सुयांच्या बैठकांसाठी थांबवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या.

आपली,
एक परिचारिका