रस कशाचा, तेवढं तरी छापा

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘अनशापोटी कोरफड’ हा लेख वाचला. त्याच्याच खाली कोरफडीच्या रसाची पाव पान जाहिरात होती. तो योगायोग असेल असं धरून चालतो. पण मधुमेह, सांधेदुखी, मूळव्याध आणि चेहऱ्यावरचं तेज या सगळ्याला एकच बाटली पुरून उरते म्हटल्यावर, मेडिकलच्या काउंटरमागे जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला वाटायला लागलं, की एवढी कपाटं आपण उगीचच भरून ठेवत होतो.

लेखिकाबाईंनी रस घ्या म्हटलंय. पानाच्या कोणत्या भागाचा, ते सांगितलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. पान कापून उभं धरलं की सालीलगतचा पिवळा, कडूजहर चीक गळायला लागतो. आतला पारदर्शक गर वेगळा. चिकात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं आणि ते सपाटून जुलाब घडवतं. हाच चीक आटवून वाळवला की काळा बोळ होतो, तो कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो आणि वैद्य तो जपून, मोजून देतात. आमची आई भाजल्यावर लावायला पान कापायची तेव्हासुद्धा ते आधी वाटीत उभं करून ठेवायची, चीक निथळला की मगच साल काढायची. बाटलीवाले मात्र ‘संपूर्ण पानाचा अर्क’ हा गुण म्हणून मोठ्या अक्षरांत छापतात. चीक काढला का, अ‍ॅलोइन किती उरलं, याबद्दल अवाक्षर नाही.

माझी थोरली बहीण इंदिरानगरला राहते. हृदयासाठी डिगॉक्सिन आणि सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी, अशी तिची जुनी औषधं. तिच्या नात्यातल्या एका सुनेने साखळीतून विकतात तसली बाटली आणून दिली. घरच्याच माणसाने दिलेली, नाही कसं म्हणणार? ताई रोज सकाळी कपभर घ्यायला लागली. पोट ‘साफ’ व्हायला लागलं, म्हणून खूश. मग ते दिवसातून चार-पाच वेळा साफ व्हायला लागलं, तरी खूश, कारण ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’ असं तिला सांगितलेलं. शेवटी पायात गोळे, मळमळ, नाडी चुकतेय, आणि ताई दवाखान्यात भरती. रक्तात पोटॅशियम तळाला गेलेलं. लघवीच्या गोळीने ते आधीच थोडं कमी होत असतं, त्यात जुलाबाने आणखी गेलं. पोटॅशियम घटलं की नेहमीच्याच मात्रेतलं डिगॉक्सिन विषासारखं वागू शकतं, हे मेडिकलमधल्या पोऱ्यालाही शिकवलेलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आजी, या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?’’

‘‘छे हो, काही नाही.’’

रसाचं नाव भाच्याने काढलं, तर ती त्याच्यावरच डाफरली, ‘‘ते काय औषध आहे का? झाडाचा तर रस!’’

तीच ताई, बरी होऊन घरी आलेली, आज सकाळी मला आपल्या लेखाचा फोटो पाठवते आणि खाली लिहिते, ‘‘बघ, पेपरातही आलंय. तू उगीच घाबरवतोस.’’ संपादक महाशय, आता तिला काय उत्तर देऊ, ते आपणच सांगावं.

कोरफड अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. किरकोळ भाजल्यावर गर लावला तर आराम पडतो. लंडनमध्ये २००४ साली मोठ्या आतड्याला व्रण असलेल्या ४४ रुग्णांवर गराची चाचणी झाली. खोटं औषध दिलेल्यांपेक्षा गर घेतलेल्यांना बरं वाटलं, पण दुर्बिणीतून पाहिलं तर आतड्यात फारसा फरक नव्हता. साखरेवरही लहान-लहान चाचण्या झाल्या आहेत. एवढ्या भांडवलावर ‘मधुमेहाला रामराम’ असं उपशीर्षक?

आणि ‘परदेशातही मान्यता’ हे वाक्य कुठून आणलं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीची जुलाबाची औषधं बाजारातून काढायला लावली, कारण ती सुरक्षित असल्याची माहिती कंपन्यांनी दिलीच नाही. २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी अहवालात आलं, की शुद्ध न केलेला अख्ख्या पानाचा अर्क दोन वर्षं पाण्यातून पाजल्यावर मोठ्या जातीच्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या. छोट्या उंदरांना झाल्या नाहीत. माणसाला होतात असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा घाबरवण्याचा आरोप माझ्यावर नको. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा अर्क ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातला आहे. यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. गरोदर बायकांनी तर या रसाच्या वाटेला जाऊ नये. लेखात मात्र ‘लहानथोर, सर्वांना चालते’.

जाहिरात मी भिंग घेऊन वाचली. त्यात मधुमेह हा शब्दच नाही! १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मधुमेह बरा करतो असं जाहिरातीत म्हणायला मनाई आहे. ते सगळं वरच्या लेखात आलंय. ताईच्या बाटलीवरही कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं होतं. कायदा दोघांनीही पाळला, म्हणायचं.

तेव्हा येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात एवढं छापावं: लघवीच्या, हृदयाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोरफडीचा रस पोटात घेऊ नये, आणि शस्त्रक्रियेच्या आधी तर घेत असल्याचं आवर्जून सांगावं. लेखिकाबाईंची शैक्षणिक पात्रताही छापलीत तर उपकार होतील. ‘आरोग्यप्रेमी’ ही पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते कळलं नाही.

जाता जाता, गेल्या शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर काल आलंच नाही. तिथे दंतमंजनाची जाहिरात होती. माझं हे पत्र ‘जागेअभावी’ कापायचंच असेल तर लंडनचं कापा, डिगॉक्सिनचं वाक्य ठेवा.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
गंगापूर रोड, नाशिक