ज्यांना पत्र लिहिता येत नाही

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "आता कसं वाटते बे?" आणि मी "मस्त" म्हणून मोकळा झालो. नवी किडनी बसवल्यानंतरचं खरं उत्तर लांबलचक होतं, म्हणून लिहितो.

आधी पाण्याचं सांगतो. डायलिसिसवर असताना दिवसाला जेमतेम लिटरभर, चहा आणि वरणाचं पाणीही त्यातच धरायचं. आपल्या वरुडच्या मे महिन्यात! माठाकडे बघत बर्फाचा खडा चघळायचो. बागेत संत्री लगडलेली, पण खायची नाहीत. त्यातलं पोटॅशियम बिघडलेली किडनी बाहेर टाकत नाही आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. आता डॉक्टर उलट विचारतात, तीन लिटर पाणी झालं का? लघवीला जाण्यात काय सुख असतं, ते तुला सांगून कळायचं नाही, लेका.

जुन्या दोन्ही किडन्या जागच्या जागी आहेत. नवी उजवीकडे, जांघेच्या जरा वर. गावात सगळ्यांचा एकच प्रश्न, "कोनाची हाये? मानसाची का बाईची?" मला माहीत नाही. सांगत नाहीत. म्हणून ज्यांनी दिली त्या घरच्यांना पत्रही लिहिता येत नाही.

नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागल्यापासून मी फोनची वाट बघत होतो. वाट कशाची, तर कुणाच्या तरी मरणाची. हे बायकोलाही बोललो नाही. फोन आला तेव्हा आई देवापुढे साखर ठेवायला धावली आणि त्याच वेळी दुसऱ्या एका घरावर आभाळ कोसळलेलं. समन्वयक ताईंनी नंतर समजावलं, मेंदू मृत झाल्याचं चार डॉक्टर ठरवतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. तोवर घरचे बाहेर बाकावर. आत मशीनवर छाती खालीवर होतेय, अंग गरम आहे, आणि माणूस गेला असं मानून सही करायची. त्यांना देवमाणसं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. देवाला काय, त्याच्या घरातलं कोणी जात नाही. ती आपल्यासारखीच रडून थकलेली माणसं असणार, आणि तरी हो म्हणाली.

तूही एकदा "माझी घे" म्हणाला होतास. जवळच्या नात्याबाहेरचा दाता असला की समितीची परवानगी लागते. किडन्यांचा बाजार होऊ नये म्हणून 1994 च्या कायद्यातच तशी तरतूद आहे, आणि बरोबरच आहे. पण तुझ्या त्या शब्दावर मी बरेच दिवस काढले.

आता गोळ्या जन्मभर, बारा-बारा तासांनी. शरीर परकी किडनी झिडकारू नये म्हणून त्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. त्यामुळे गोठा आणि फवारणी भावाकडे, पंगतीतलं जेवण बंद, तोंडाला मास्क. पारावरचे हसतात, "कोरोना गेला ना बे!"

बायकोने अवयवदानाचा फॉर्म भरला. नुसतं कार्ड पर्समध्ये ठेवून भागत नाही, वेळ आली की घरच्यांचीच संमती मागतात. म्हणून सगळ्यांना बसवून सांगितलं. आई म्हणाली, "माह्या म्हातारीचं काय घेतीन रे ते?" म्हटलं, डोळे घेतात. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मंग माहं बी नाव लिही."

दिवाळीत ये. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला असेल, बागेत बसून पोटभर खाऊ. पपनस मात्र आणू नकोस, त्याने माझ्या गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
शाळेतला बाकावरचा शेजारी